देवाजीच्या बाजूचे नट

तांडापेठेत शालिकराम पौनीकराला ओळखत नाही असा माणूस मिळणं कठीण, आणि त्याच्या घरात ऐसपैस बसला आहे असा माणूस मिळणं त्याहून कठीण. बसायला जागाच नव्हती. दारातून पाऊल आत टाकलं की समोर हातमाग. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उभ्या धाग्यांचा ताणा पसरलेला, मधे जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसलेला शालिकराम, आणि माग व भिंत यांच्यामध्ये जी बोळ उरते तिच्यात बाकीचं घर. पाहुणा उंबऱ्यावर बसायचा, चहा तिथंच प्यायचा आणि तिथूनच उठून जायचा. शालिकरामच्या मुलाची सोयरीकसुद्धा उंबऱ्यावरच जुळली होती.

मिसरूड फुटायच्या आधी तो त्या खड्ड्यात उतरला. बापाने खांदे धरून बसवलं होतं. आधी करवतकाठी लुगडी विणली, इतकी सुबक की उमरेडचे व्यापारी नाव विचारून नेत. मग लुगडी नेसणाऱ्या बाया म्हाताऱ्या झाल्या, त्यांच्या सुनांना पातळं हवी झाली, आणि शालिकराम सोसायटीच्या सुतावर सरकारी जनता साड्या विणू लागला. काठ गेला, रेशीम गेलं, ठोका तेवढा राहिला. आंघोळ करून, मागाला हात जोडून तो बसला की दिवेलागणीपर्यंत मागाच्या फणीचा ठोका चालू. मधे जेवण, आणि जेवणानंतर एक विडी. बस्स. या माणसाला दुसरा शौक नव्हता आणि, खरं सांगायचं तर, दुसरं काही येतही नव्हतं.

घर मुळात एकच, लांबलचक होतं. बापाच्या मागे त्याने आणि धाकट्या देवाजीने ते मधोमध वाटून घेतलं, एकेक खड्डा दोघांच्या वाट्याला आला आणि मधे भिंत उभी राहिली. दोघेही घाईत होते. त्यामुळे भिंत झाली कच्च्यापक्क्या विटांची, मातीच्या गाऱ्याची, वरून चुन्याचा हात मारलेली. भांडण तेव्हा नव्हतंच. भांडण पुढे झालं, देवाजी कापडगिरणीत लागला तेव्हा. एक दिवस त्याने गाडीभर मुरूम आणून आपला खड्डा बुजवला, वरून सारवलं आणि तिथं खाट टाकली. शालिकराम त्याच्या दारात जाऊन उभा राहिला.

"देवाजी, आज्याचे पाय होते गा त्या खड्ड्यात. तू त्याच्यावर माती लोटली. आजपासून तू मले मेला."

"तू बी लोटशील दादा," देवाजी म्हणाला. "आज नाही तर उद्या लोटशील."

तेवढ्यावर तोंडं फिरली ती फिरलीच. लग्नाकार्यात एक भाऊ पहिल्या पंगतीला असला तर दुसरा तिसऱ्या पंगतीपर्यंत उपाशी राहायचा. बायकांचं मात्र मागच्या अंगणातून सुरळीत चालू होतं. शालिकरामची अनुसया आणि देवाजीची प्रेमिला एकमेकींना वाटीने भाजी द्यायच्या, मिरच्या उसन्या न्यायच्या. शालिकरामला ते दिसत होतं आणि तो दिसत नाही असं करत होता. एक मात्र त्याने सक्त सांगून ठेवलं होतं की देवाजीचं नाव या घरात निघता कामा नये, आणि अनुसयेने ते पाळलं. बरीच वर्षं पाळलं.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमारास टीव्हीचं वारं तांडापेठेत शिरलं. गल्लीत पहिला आणला रुपराव दलालाने. शालिकरामची सून चंद्रकला संध्याकाळी त्याच्या खिडकीशी उभी राहून पाहायची. आत जायची लाज वाटायची, न पाहिलं तर करमायचं नाही. एका रविवारी पिक्चर ऐन रंगात आलेला असताना रुपरावच्या बायकोने खिडकी लावून घेतली. म्हणाली, डास येतात. चंद्रकला घरी आली आणि चुलीपुढे बसून रडली. तिचा नवरा जागेश्वर सावनेरकडे कोळसा खाणीत कामाला होता, आठवडाभर तिकडेच राहायचा आणि सुटीला घरी यायचा. त्याला हे कळलं, आणि त्याने त्याच दिवशी मनाशी ठरवलं.

"बाबा, टीव्ही घेऊन राहिलो," तो म्हणाला.

"घे ना. मी कुठं नाही म्हणतो."

"ठेवाचा कुठं पण?"

शालिकरामने खोलीकडे पाहिलं. जागेश्वरनेही पाहिलं. जागेश्वर मुलगा गुणाचा, उलटून बोलणारा नव्हता, म्हणून त्याने जे म्हणायचं ते फार हळू म्हटलं. "तुमचे डोळे थकले बाबा. पाय किती सुजतात. तुमाले विणाले कोन सांगते आता? माग काढून टाकू. खोली मोकळी होईल."

आता यावर बापाने काय बोलावं? पोराने वाईट काहीच सांगितलं नव्हतं. डोळे थकले होतेच. पाय सुजत होतेच. शालिकरामला एवढंच कळत होतं की माग गेला तर सकाळी उठल्यावर कुठं बसायचं हे त्याला माहीत नव्हतं, आणि ही गोष्ट पोराला सांगता येण्यासारखी नव्हती. तो छताकडे पाहत राहिला, आणि पाहता पाहता त्याची नजर मधल्या भिंतीवर, मागाच्या वर जी कोरी जागा होती तिच्यावर गेली.

"भिंतीवर बसवू," तो म्हणाला. "वर. मागाच्या वर."

जागेश्वर थोडा हसला, पण मान्य झाला. खाणीच्या वर्कशॉपात ओळखीच्या वेल्डरकडून त्याने लोखंडी अँगलचा स्टँड करून आणला, भोकं पाडून. तो भिंतीशी टेकवून ठेवत म्हणाला, "पुढल्या रविवारी टीव्ही येते. भिंतीवर बसला तर बसला. नाही बसला तर माग काढू बाबा. मग पुन्हा नको म्हनू नका."

शालिकराम दुसऱ्याच दिवशी इतवारीत लोहाओळीला गेला. भैय्याजीचं खिळ्यामोळ्यांचं दुकान तिथं होतं. भैय्याजीने स्क्रूंचे डबे पुढे केले आणि विचारलं, "कितने नंबर का दूँ काका?"

आता विणकराच्या जगात नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक. वीस नंबरचं सूत जाडंभरडं, शंभर नंबरचं डोळ्याला दिसेल न दिसेल असं. जन्मभर हाच हिशेब डोक्यात बसलेला. शालिकराम ठसक्यात म्हणाला, "लहानातला लहान नंबर दे. माल वजनदार आहे."

"सबसे छोटा?"

"सांगतलं ना. त्याहून लहान असन तर तो दे."

भैय्याजीला वाटलं, काकांना फोटो टांगायचे असतील. त्याने पुडी बांधून दिली. घरी येऊन उघडल्यावर ते स्क्रू शालिकरामलाही जरा किरकोळच वाटले, पण नंबर खोटं बोलत नाही अशी त्याची जन्माची श्रद्धा. त्याने भिंतीत लाकडाच्या खुंट्या ठोकल्या, त्यांत ते स्क्रू पिळले, स्टँड बसवला आणि दोन पावलं मागे सरून पाहिला. छान दिसत होता.

"अजी," अनुसया म्हणाली, "टीव्ही ठेवाच्या आधी माह्या माहेरचा तांदूळ ठेवून पाहा ना."

तिचं माहेर कुहीचं. दर वर्षी तिकडून तांदळाचं पोतं यायचं. शालिकरामला हे सासरवाडीचं शहाणपण फारसं रुचलं नाही, पण त्याने पोतं वर चढवलं आणि त्याच्याखाली खड्ड्यात बसून ठोका सुरू केला. वरचं पोतं थोडा वेळ शहाण्यासारखं बसलं. मग प्रत्येक ठोक्याला भिंतीतून थोडी माती झरायला लागली, आणि एका ठोक्याला स्टँड, स्क्रू, खुंट्या आणि कुहीचा तांदूळ असं सगळं त्याच्या शेजारी खड्ड्यात आलं. डोक्यावर आलं नाही हे नशीब. दुपारभर अनुसया खड्ड्यात उतरून सुपाने तांदूळ भरत होती आणि चंद्रकला पदर तोंडाशी धरून हसत होती. मग तिचं हसू थांबलं. तांदूळ पडला तिथंच टीव्ही पडणार होता.

शालिकराम पुन्हा लोहाओळीला गेला. भैय्याजीने गोष्ट ऐकली आणि पोट धरून हसून घेतलं. "काका, स्क्रूचा नंबर उलटा चालते. बडा नंबर, मोटा स्क्रू." मग त्याने विचारलं, भिंत कशाची? शालिकरामने सांगितलं. माग कुठं? भिंतीशी. भैय्याजीचं हसू ओसरलं.

"मग मोटा स्क्रू बी काम नाही करनार. भिंतीत फुगून बसनारा बोल्ट आहे माह्याकडे, पन तो सिमेंटच्या भिंतीले. तुमची भिंत मातीची, वरून रोज ठोका. तिच्यात काही बी टाका, ती सोडून देईल." त्याने खालच्या डब्यातून हातभर लांबीचा बोल्ट काढला. "हे पायजे. आरपार. पलीकडून लोखंडी पट्टी लावा, वायसर टाका, मग नट. भिंत चिमट्यात आली का कुठं जाते?"

"पलीकडून?"

"पलीकडून. काय आहे पलीकडे? गल्ली?"

"भाऊ आहे," शालिकराम म्हणाला.

"अरे, फिर तो आसान है!"

भैय्याजी चार बोल्ट, पट्टी आणि नट कागदात गुंडाळता गुंडाळता सांगत होता की माती दबते, मागाच्या ठोक्याने नट ढिले होत राहतील, पलीकडच्या माणसाला सांगून ठेवा, अधूनमधून पाना फिरवायचा. लहानसं काम आहे. भाऊ करेलच.

घरी येऊन त्याने ते बोल्ट कोनाड्यात ठेवले आणि दुसरी जागा शोधायला लागला. समोरची भिंत म्हणजे दार, खिडकी आणि टिनाचा पत्रा. मागच्या भिंतीला चूल. उरलेल्या बाजूला बांबूचा तट्टा. छताच्या आडव्या लाकडाला, मयालीला टांगावा तर मयाल वाळवीने पोखरलेली. ज्या भिंतीला हात लावावा ती भिंत नाहीच म्हणायची. एकच भिंत हो म्हणत होती, आणि तिचा अर्धा हो पलीकडच्या खोलीत होता.

"मी प्रेमिलाले सांगते," अनुसया म्हणाली.

"नाही. भिंतीचं बोलनं बायाईनं कराचं नसते."

"मग तुमी सांगा."

तो रोज सकाळी एक बोल्ट धोतराच्या सोग्यात घेऊन बाहेर पडायचा, देवाजीच्या दारावरून जायचा, कोपऱ्यावरच्या पानठेल्यापर्यंत जाऊन विडी घ्यायचा आणि परत यायचा. त्याला राग यायचा, पण कोणाचा ते त्याला ठरवता येईना. तू मले मेला, असं ज्याला म्हटलं त्याच्याकडे आता एक लोखंडी सळई घेऊन जायचं आणि म्हणायचं की ही तुझ्या घरात येऊ दे? माणसाने आयुष्यात एकदाच ताठ बोलावं आणि त्याचा पाया असा मातीच्या भिंतीत असावा, याला काय म्हणायचं?

शनिवार उजाडला. चंद्रकलेने खोली झाडून घेतली, टीव्हीवर टाकायला रुमाल विणला होता तो धुऊन वाळत घातला. तिच्या तोंडावरचा आनंद पाहून शालिकरामला तिथं बसवेना. टीव्ही उद्या येणार हे नक्की होतं. माग उद्या जाणार की राहणार तेवढंच राहिलं होतं. तो उठला, बोल्ट हातात उघडाच घेतला आणि या वेळी देवाजीच्या दारात थांबला.

देवाजी बुजवलेल्या खड्ड्यावरच्या खाटेवर बसला होता, मधल्या भिंतीला पाठ लावून. त्याने वर पाहिलं. म्हातारा झालेला दिसला.

"देवाजी," शालिकराम खालच्या आवाजात म्हणाला, "एक काम होतं गा."

देवाजी नुसता पाहत राहिला. शालिकरामने पुन्हा म्हटलं. देवाजीच्या तोंडावरची रेषा हलली नाही. शालिकरामच्या कानांपर्यंत रक्त चढलं. धाकटा भाऊ दारात उभं करून अपमान करतो आहे, करू दे, त्याचा हक्क आहे, असं म्हणून तो वळलाच होता, तेवढ्यात आतून प्रेमिला धावत आली.

"मोठ्यानं बोला जी. त्याईले आयकू येत नाही. गिरनीच्या मागानं कान नेले त्याईचे, लई वर्सं झाले."

लई वर्षं झाली होती. एका भिंतीपलीकडे भाऊ बहिरा झाला आणि शालिकरामला माहीत नव्हतं. अनुसयेला माहीत असणार. तिला नाव काढायची बंदी होती. शालिकराम उंबऱ्यावर बसला. त्याला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि तरी विचारायचं होतं ते विचारावंच लागणार होतं, आणि आता तर ओरडून विचारावं लागणार होतं.

"देवाजी! भिंतीतून बोल्ट काढाचा आहे! तुह्या घरात निघते!"

गल्लीतली दोन दारं उघडली. देवाजीने हात पुढे केला, बोल्ट घेतला, नट त्याच्यावर फिरवून पाहिला. गिरणीत आयुष्य गेलेल्या माणसाला बोल्ट काय सांगायचा. "टीव्हीसाठी?" त्याने विचारलं. बहिरा असला तरी गल्लीतली बातमी त्याला पोचली होती.

"मागासाठी!" शालिकराम ओरडला. "टीव्ही वर गेला तरच माग राह्यते! नाही तर पोरगा काढते!"

हे ओरडून सांगताना त्याचा आवाज चिरकला. देवाजीने बोल्टवरून नट उलटा फिरवून काढला. मग म्हणाला, "भिंत दोघाची आहे. विचारतं काय त्यात." आणि थोड्या वेळाने, बहिऱ्या माणसांचा असतो तसा मोठ्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मले आयकू येत नाही दादा, पन इथं पाठ लावून बसलो का तुहा ठोका पाठीले लागते. तेवढंच आयकू येते मले आता."

खड्डा बुजवल्याबद्दल तो एक शब्द बोलला नाही. त्यांनी लगेच कामाला हात घातला. इकडून शालिकरामने लांब छिन्नी ठोकली, तिकडे प्रेमिलाने भांड्यांची फळी काढून भिंत मोकळी केली. माती भसाभस सुटत होती. पहिलं भोक आरपार झालं आणि त्यातून देवाजीचा डोळा दिसला.

"टाक!" तिकडून आवाज आला.

शालिकरामने बोल्ट आत सरकवला. पलीकडून कोणीतरी तो धरला आणि आपल्याकडे ओढून घेतला. शालिकरामने आपलं टोक उगाच जरा जास्त वेळ धरून ठेवलं. मग सोडलं.

रविवारी टीव्ही आला. जागेश्वरने स्टँडला आधी दोन्ही हातांनी लोंबकळून पाहिलं. भिंत हलली नाही. बापाकडे पाहून तो म्हणाला, "मानलं बाबा तुमाले," आणि मागाचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. शब्दाचा पक्का पोरगा. त्या संध्याकाळी चंद्रकलेने सगळ्या गल्लीला बोलावलं, रुपरावच्या बायकोलासुद्धा, आणि खिडकी उघडी ठेवली.

पुढचे काही महिने शालिकरामच्या आयुष्यातले बरे दिवस होते असं म्हणायला हरकत नाही. दिवसभर वर टीव्ही मुका असायचा आणि खाली माग बोलायचा. भैय्याजीने सांगितलं होतं तसे नट ढिले व्हायचे. रोज सकाळी, शालिकराम मागाला हात जोडायच्या आधी, भिंतीपलीकडून पाना नटावर बसल्याचा आवाज यायचा, मग कर्र कर्र करून नट आवळल्याचा. चारही नट आवळून झाले की हा मागावर बसायचा. दोघा भावांच्या भेटीगाठी त्यानंतर काही वाढल्या नाहीत. ओरडून किती बोलणार, आणि बोलायला होतं तरी काय. पण नट रोज आवळले जात होते.

संध्याकाळी मात्र माणसं यायची. त्यांना बसायला जागा हवी. ताण्याखाली वाकून, मागाच्या लाकडाला टेकून, जिथं मिळेल तिथं बसायची. सकाळी पाहावं तर दहा-पाच धागे तुटलेले. शालिकराम ते जोडायचा, थकलेल्या डोळ्यांनी, दुपार होईपर्यंत. मग एका रविवारी गल्लीतली कांताबाई, चांगली धष्टपुष्ट म्हातारी, पिक्चर पाहता पाहता मागे सरकली आणि तिचा पाय खड्ड्यात गेला. मोडला नाही, मुरगळला. तरी केवढा गोंधळ! दुसऱ्या दिवशी शालिकरामने स्वतःच फळ्या आणल्या आणि संध्याकाळपुरत्या खड्ड्यावर टाकल्या. सकाळी काढायच्या, संध्याकाळी टाकायच्या.

मग मागावरचा तो ताणा विणून संपला. नवा चढवायचा म्हणजे खोली दोन-तीन दिवस अडणार. चंद्रकला अगदी आर्जवाने म्हणाली, "मामाजी, सन झाल्यावर चढवा ना. लोक येतात." तिचंही खरं होतं. सण झाला, तर क्रिकेटचा सामना आला, दिवसाही माणसं बसू लागली. मग जागेश्वरला सुटी होती. मग फळ्या सकाळी काढायचं कारणच उरलं नाही. माग कोणी काढला नाही. जागेश्वरने नाही, चंद्रकलेने नाही. माग होता तिथंच होता, त्याच्या लाकडांवर ओले टॉवेल वाळत होते. आणि, हेही सांगितलं पाहिजे, शालिकराम स्वतः फळ्यांवर मांडी घालून बातम्या पाहायला लागला होता. त्याला त्या आवडायला लागल्या होत्या. फक्त सकाळी उठल्यावर तो थोडा वेळ भिंतीशी उभा राहायचा, हात जोडल्यासारखे करायचा आणि खाली सोडायचा.

एका सकाळी देवाजी दारात येऊन उभा राहिला. हातात पाना होता. इतक्या वर्षांत तो या उंबऱ्याशी आला नव्हता. शालिकराम फळ्यांवर बसला होता, चंद्रकला आत चहा करत होती, जागेश्वर सुटीवर होता, तो दाढी करत होता.

"दादा," देवाजी मोठ्याने म्हणाला, "काही दिवस झाले, पाठीले ठोका लागून नाही राहिला. म्या म्हटलं, कानासारखी पाठबी गेली काय माही. म्हनून नट पाह्यले. तर नटबी घट्ट. रोज पाना लावतो, रोज घट्ट. काहून गा? बिमार आहेस काय?"

घरातली सगळी माणसं थांबली. जागेश्वरचा वस्तरा गालावर थांबला. आत चंद्रकलेची कपबशी वाजली नाही. शालिकरामने तोंड उघडलं. देवाजीला ऐकू जायचं तर ओरडायला लागणार, आणि ओरडलं तर ते या पोराला, त्या सुनेला, सगळ्या गल्लीला ऐकू जाणार, आणि त्यांनी तर काही केलं नव्हतं. देवाजी त्याच्या तोंडाकडे पाहत होता. मग त्याची नजर खाली गेली, शालिकरामच्या मांडीखालच्या फळ्यांवर. तिथंच राहिली.

तू बी लोटशील, असं त्याने एकदा म्हटलं होतं. आता म्हणाला असता तरी कोणी त्याला बोल लावला नसता. तो काही म्हणाला नाही.

शालिकरामने आपले पाय दाखवले. सुजलेले होतेच. दोन्ही हातांनी गुडघे चोळून दाखवले आणि मान हलवली, हो, बिमार आहे, अशी.

"हां," देवाजी म्हणाला. "बरं झालं का बस मग. मी पाहत राहीन नट."

तो गेला. चंद्रकलेने चहा आणून ठेवला. जागेश्वरने तोंड धुतलं, पुसलं आणि बापाशेजारी येऊन बसला. 

दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडून पाना नटावर बसल्याचा आवाज आला. शालिकराम फळ्यांवर बसून ऐकत होता. पाना एका नटावर बसला, थांबला, निघाला. मग दुसऱ्यावर. मग तिसऱ्यावर. मग चौथ्यावर. एकही फिरला नाही.